आधी दगड, मग वाळू

माझी थोरली बहीण नवरा गेल्यावर आमच्याकडे नागावला राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला म्हणालो, "ताई, हे घर तुझंच आहे." अशी वाक्यं मला छान जमतात. मी अलिबागच्या कोर्टात बेलीफ होतो. लोकांच्या दारात समन्स आणि जप्तीचे हुकूम घेऊन जायचं, समोरचा रडत असला तरी आपला आवाज गोड ठेवायचा आणि सही घेऊन निघायचं, हे माझं काम. घरातही माझा आवाज तसाच असे. बायको म्हणायची, तुम्ही ओरडता तेव्हा बरं वाटतं, गोड बोलायला लागलात की धडकी भरते.

पहिली दोन वर्षं ताईनं आमच्याकडे कसलीही मागणी न करता काढली. तिला मूलबाळ नव्हतं. सासर खारेपाटातलं, म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून केलेली भाताची शेतं. एका पावसाळ्यात उधाणाच्या पाण्यानं बांधाला खांड पडली, शेतात खारं पाणी शिरलं, आणि त्याच वर्षी तिचा नवरा हाय खाऊन गेला. तीस वर्षं तिकडे काढल्यामुळे तिची भाषाही तिकडची झाली होती. नाही म्हणायचं सोडून ती न्हाय म्हणायची, आणि मी प्रत्येक वेळी तिला सुधारायचो.

तर माशांची टाकी. एका बंगलेवाल्यानं बंगला विकला आणि जाताना आपली चार फुटी काचेची टाकी मला देऊन टाकली. फुकट ते पौष्टिक. बायकोला त्यात साधे सोनेरी मासे हवे होते. मला खाऱ्या पाण्यातले हवे होते, कारण ते गावात कोणाकडे नव्हते. आमच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, ते टाकीत चालत नाही. मुंबईच्या दुकानदारानं समुद्राचं पाणी बनवायचं मीठच पाकिटातून दिलं. ते गोड्या पाण्यात ढवळताना ताई पदर तोंडाला लावून हसली.

"समुद्र दाराशी, आणि मीठ मुंबईहून?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

दगड मात्र मी किनाऱ्यावरचेच घेतले. ओहोटीला काळा कातळ उघडा पडतो, त्याच्या आसपास सुटे दगड असतात, पाण्यानं भोकं भोकं पडलेले, अंगावर कालवांची टरफलं चिकटलेली. असे वीस-बावीस दगड मी स्कूटरवरून दोन खेपांत आणले आणि परसात टाकून दिले. पुढचं सगळं ताईनं केलं. कोयतीच्या टोकानं एकेक कालव खरवडून काढलं, दगड पिंपात भिजत घातले, दर चार दिवसांनी पाणी बदललं. दगडांच्या भोकांत मेलेले किडे कुजत आणि त्याला असा वास सुटे की परसात उभं राहवत नसे. दीड महिना ती त्या वासात उकिडवी बसायची. मी खिडकीतून नाक मुरडून विचारायचो, अजून किती दिवस?

एका रविवारी मी दगड मांडायला घेतले. मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघून ठेवले होते. आधी टाकीत पांढरी वाळू ओतली, फूटपट्टीनं सपाट केली आणि तिच्यावर दगड रचत गेलो. मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरते. ताई सुपात तांदूळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आधी दगड टेकव, मग वाळू ओत," ती म्हणाली.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"अरे, वाळूवर दगड बसत न्हाय. आमच्याकडे बांधाला खेकडे बिळं पाडतात. चिखलावर नुसता टाकलेला दगड पहिल्याच उधाणाला जातो. खाली कठीण लागेपर्यंत न्यावा लागतो. यात बीळ करणारं जनावर सोडणार असशील तर..."

"न्हाय नव्हे, नाही म्हण," मी म्हणालो. आणि मग माझ्या त्या गोड आवाजात विचारलं, "ताई, तुम्हा लोकांना बांधाचं एवढं कळत होतं, तर तुमच्याच बांधाला खांड कशी पडली गं?"

ती सूप घेऊन आत गेली. आतून बायकोनं भांडं जोरात आदळलं, ते माझ्यासाठी होतं. मी दगड रचत राहिलो. वाईट वाटलं का, असं आज कोणी विचारलं तर खरं सांगतो, नाही वाटलं. आपण अचूक जागी बोट ठेवलं याचं बरंच वाटलं.

मग मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी, आणि एक बोटभर लांबीचा, वाळू तोंडात भरून बाहेर थुंकणारा. दुकानदार म्हणाला, हा वाळू साफ ठेवतो. ताईनं त्याला काचेतून एकदाच पाहिलं. "हा तर आपल्या निवट्याचा भाऊ," ती म्हणाली. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात बिळं करून राहणारा मासा, आमच्या बाजूला कालवण करून खातात. "हा घर खणणार बघ," ती म्हणाली. तो आल्या दिवसापासून खणतच होता. मधल्या मोठ्या दगडाखाली शिरायचा, गालफडं भरून बाहेर यायचा, वाळू टाकायचा, परत आत. मी खुर्ची घेऊन समोर बसायचो आणि कौतुकानं बघायचो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही जेवत असताना टाकीतून धप्प असा आवाज आला. मधला दगड खाली बसला होता आणि त्याच्यावरचे घसरून काचेवर आले होते. काचेला आतून हातभर ओरखडा. तो खणणारा मासा मोठ्या दगडाखाली अडकला होता, शेपटी तेवढी बाहेर, आणि ती हलत होती. ताई म्हणाली, "अरे, आधी दगड उचल." मी आधी ओरडलो. काच पुसताना धक्का कोणी दिला, हे मला आधी ठरवायचं होतं.

"मी आज काच पुसलीच न्हाय," ताई म्हणाली.

"म्हणजे काल दिलास."

नाचता येईना अंगण वाकडं, असं बायको पुटपुटली. मी दगड उचलला तोवर शेपटी थांबली होती. मग सगळे दगड काढून बादलीत टाकले, बादली परसात नेऊन ठेवली आणि टाकीकडे बघायचं सोडून दिलं. उरलेले दोन मासे मोकळ्या वाळूवर कोपऱ्यात अंग चोरून राहत. बादलीतलं पाणी कोण बदलत होतं हे मी विचारलं नाही.

पंधराएक दिवसांनी रेवदंड्याच्या बाजूला समन्स बजावून मी संध्याकाळी घरी आलो, तर टाकीत दगड मांडलेले. ताईनं वाळू बाजूला सारून तीन रुंद दगड थेट तळाच्या काचेवर टेकवले होते, सपाट बाजू खाली. त्यावरचा प्रत्येक दगड तीन जागी टेकलेला. जिथं जरा फट होती तिथं दगडाची लहान चीप मारलेली. मागच्या काचेपासून चार बोटं अंतर सोडलेलं, म्हणजे पाणी सगळीकडून फिरावं. आणि मधून आरपार एक वाट, जिच्यातून ते दोन मासे आत-बाहेर करत होते. वाळू सगळ्यात शेवटी, दगडांच्या पायाशी ओतलेली. सगळं मिळून असं दिसत होतं की ते कोणी रचलंय असं वाटू नये.

मला राग आला. वाईट झालं असतं तर आला नसता. बाही वर करून मी टाकीत हात घातला आणि वरचा दगड हलवून बघितला. हलला नाही. जरा जोर लावला. तरी नाही. ताई मागे उभी होती.

"बरं आहे," मी म्हणालो. "डावीकडे जरा जड झालंय."

त्यानंतर घरी जो कोणी येई तो टाकीसमोर उभा राही आणि मी त्याला दगडांचं शास्त्र समजावून सांगे. आधी दगड टेकवायचा, मग वाळू. तीन जागी टेकला पाहिजे. मी रचलं असं मी म्हणत नसे, फक्त ज्यानं रचलंय त्याच्यासारखं बोलत असे. ताई चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

गणपतीत आमचे नाझर दर्शनाला आले. नाझर म्हणजे कोर्टातले आम्हा बेलिफांचे वरिष्ठ. गणपतीला हात जोडून झाले आणि ते टाकीकडे वळले. बराच वेळ बघत राहिले. "वा! दगड कोणी रचले हो?"

"मीच," मी म्हणालो. साहेबांसमोर तोंडातून निघून गेलं.

बायको शेजारीच खुर्चीवर होती. आठवड्यापूर्वी परसात शेवाळावरून घसरून तिचा घोटा मोडला होता, पाय प्लास्टरमध्ये. दुखण्यानं ती आधीच वैतागलेली. "खोटं कशाला बोलता?" ती म्हणाली. "वन्संनी रचलेत. तुमचे तर पडले होते, मासा मेला त्यात."

नाझर मोठ्यानं हसले. "काय बेलीफसाहेब, दुसऱ्याच्या कामावरही जप्ती आणता होय?" बायको हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. आणि प्रसादाची ताटली घेऊन दारात उभी असलेली ताई, तीही हसली. दोन वर्षांत मी तिला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. नाझरांचं हसणं मी विसरलो असतो. तिचं मला गिळता आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी गौरी यायच्या होत्या. आमच्या घराण्यात गौरी खड्यांच्या असतात. शेजारी तेरड्याच्या आणतात, कोणाकडे मुखवट्यांच्या. आमच्याकडे पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, त्याच गौरी. आणणारीनं तोंडात पाण्याची चूळ भरायची, कोणाशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. दारात तिच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं आणि खडे पाटावर बसवायचे. लग्न होईपर्यंत ते काम ताईचं होतं. ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून समुद्रावरून खडे आणायची, आणि मी मागून वाकुल्या दाखवत चालायचो, तिनं हसावं आणि चूळ सांडावी म्हणून. एकदाही सांडली नाही. पुढे आई आणि मग माझी बायको खडे आणू लागली.

गौरी यायच्या त्या दुपारी जेवताना ताईनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "हिचा पाय असा आहे. या वर्षी खडे मी आणू का?"

एवढंच. दोन वर्षांत तिनं आमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती. विचारताना तिनं मान वर केली नाही, पण भावाला कळतं, तिचे कान माझ्या उत्तराकडे लागले होते.

"आणा की वन्सं," बायको म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझा असल्या विधिनिषेधांवर कधीच विश्वास नव्हता. नवरा गेल्यावर टिकली काढू नकोस, असं ताईला मीच बजावलं होतं, आणि तिनं ती काढली नव्हती. गावात कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव, असंही म्हणालो होतो. तोच मी हातातला घास खाली ठेवून म्हणालो, "ताई, त्याला सवाशीण लागते, नाहीतर कुमारिका. तू दोन्हीत बसत नाहीस."

आवाज गोड होता. समन्स बजावतानाचा.

"अहो!" बायको म्हणाली.

ताईनं भाकरी ताटात ठेवली. "व्हय," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं."

तिथं थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. पण तिचं ते कालचं हसणं अजून डोक्यात होतं. मी उठलो, हात धुतले, बाही वर केली. "आणायला जायचंय कशाला? समुद्राचे दगड घरातच आहेत," असं म्हणून टाकीत हात घातला. कोणते दगड काढले की बाकीचे ढासळतील हे मला माहीत होतं. लोकांना इतके महिने तेच तर समजावून सांगत होतो. पहिली चीप काढली.

"अरे, ते पाणी पाकिटातलं आहे," ताई मागून म्हणाली. "गौरी पाण्यावरून आणतात."

मी दुसरा दगड काढला.

"मग बाहेरचे काढ. खालचा नको काढू रे, मासे आत गेलेत."

मी खालचा काढला. वरचं सगळं हळूहळू खाली आलं, आवाजही फारसा झाला नाही. पाणी गढूळ झालं आणि निवळलं तेव्हा जोडीतला एकच मासा दिसत होता. पाच दगड ताम्हनात घालून मी दिवाणखान्यातून देवघरात आठ पावलं चाललो आणि पाटावर मांडले. "आल्या गौरी," मी म्हणालो. ताई स्वयंपाकघरात नैवेद्याची भाजी चिरायला बसली होती.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर बायकोनं बसल्या जागेवरून कुंकवाचा करंडा ताईपुढे धरला, नेहमीसारखा. ताईनं मान मागे घेतली. तेव्हा मला दिसलं की तिच्या कपाळावर टिकली नव्हती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी आरतीचं तबक पुसत होतो.

गणपतीबरोबर ते पाच दगड समुद्रात सोडले. टाकी तशीच राहिली, पसरलेले दगड आणि एक मासा. ताई त्याला खायला घालायची, काच पुसायची, पण दगडांना तिनं पुन्हा हात लावला नाही. मीही लावला नाही, मला जमणार नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं.

त्या वर्षात ती बदलत गेली आणि मी बघत राहिलो. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की तिचं डोकं दुखायचं. बारशाला गेली तर पाळण्यापासून लांब भिंतीशी उभी राहायची. पुढे पुढे तिला आपल्याच कडकपणाचा अभिमान वाटू लागला. पाटावर कोणी बसावं, दिवा कोणी लावावा, हे ती शेजारणींना सांगायला लागली. बायको एकदा भर दुपारी माझ्यासमोर बसून म्हणाली, "त्यांना जाऊन सांगा ना, मी रागानं बोललो होतो म्हणून. दगडांच्या रागानं. चार शब्दांचं काम आहे." मी म्हटलं, सांगतो. मी सांगितलं ते असं: पुन्हा गणपती जवळ आले तेव्हा ताईला म्हणालो, "या वर्षी खडे तू आण. आता कोण एवढं मानतं? चालतं सगळं."

"चालतं कसं?" ताई म्हणाली. "तू वेळेवर सांगितलंस म्हणून बरं. न्हायतर माझ्या हातून पाप झालं असतं."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला मी. नव्हता. तेव्हाही ते चार शब्द तोंडापर्यंत आले होते, आणि तिथून परत गेले.

बायकोचा घोटा जुळला होता, पण वाळूतून चालवत नव्हतं. तिनं मला न विचारता शेजारच्या मुलीला खडे आणायला सांगितलं. तिशीची पोरगी, फारकत होऊन माहेरी आलेली. तिच्या नवऱ्यानं लावलेल्या दाव्याचं समन्स मीच तिच्या हातात दिलं होतं. ती तो कागद उलटसुलट करून बघत राहिली तेव्हा मी म्हणालो होतो, "घाबरू नकोस बेटा, यानं तुझं काही कमी होत नाही." ते वाक्य तिनं धरून ठेवलं होतं. वाटेत भेटली की हसायची, काका म्हणायची.

गौरीच्या दिवशी ती हिरवी साडी नेसून, हातात पितळी वाटी घेऊन आमच्या पायरीशी आली. केस नुकते धुतलेले. खूप दिवसांनी कोणीतरी तिला कशासाठी तरी बोलावलं होतं, हे तिच्या सगळ्या अंगावर दिसत होतं.

ताई दारात गेली. "तुझी फारकत झाली ना गं?"

"हो आत्या. काकूंनीच बोलावलंय मला."

"तिला कळत न्हाय. सवाशीण लागते, नाहीतर कुमारिका. तू दोन्हीत बसत न्हायस, बाई." रागावून नाही म्हणाली. हळू, गोड आवाजात म्हणाली. तो आवाज मी ओळखला.

आतून बायको लंगडत यायला लागली. पोरीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं ताईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कोर्टातला माणूस, शिकलेला, तिला धीर दिलेला. मी बोलेन याची तिला खात्री होती. बोलायचं तर मला सांगावं लागलं असतं की यात धर्म वगैरे काही नाही, माझ्या बहिणीला माझ्यापेक्षा दगड चांगले रचता आले, एवढंच झालं होतं. आणि हे ताईसमोर सांगावं लागलं असतं, तिनं त्यापायी आयुष्यातलं एक वर्ष भिंतीशी उभं राहून काढल्यावर.

"ताई म्हणते ते बरोबर आहे बेटा," मी म्हणालो. "आपल्याकडे पद्धतच तशी आहे."

ती वाटी पायरीवर ठेवून गेली. ताई वळली आणि माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदाच ती माझ्यावर खूश दिसत होती.